मापापुरता माणूस

शेंद्र्याच्या परिसरात छायाचित्र काढणे ही आता विशेष घटना राहिलेली नाही. चैत्रातली मांगीरबाबांची जत्रा असो, औद्योगिक वसाहतीत नव्याने कामाला लागलेल्या मुलाचा पहिला दिवस असो, की चर्चमधला प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा असो, दहा हात वर होतात आणि दहा मोबाईल एकदमच तो क्षण टिपतात. त्या मोबाईलच्या पडद्यावर, मालकाने तशी सोय सुरू केली असल्यास, दोन उभ्या व दोन आडव्या बारीक रेषा उमटतात आणि पडद्याचे नऊ समान चौकोन पडतात. या रेषा कशासाठी असतात, असे तरुण मंडळींना विचारले, तर फोटो सरळ यावा म्हणून, एवढेच उत्तर बहुधा मिळते. उत्तर चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे. त्या चार रेषांच्या मागे दोनशे वर्षांहून जुना विचार आहे, आणि त्या विचाराचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच जिल्ह्यात घडलेला आहे.

छायाचित्राची रचना म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट करून घेऊ. आपल्यासमोर जे विस्तीर्ण जग पसरलेले असते, त्यातील काय चौकटीत घ्यायचे आणि काय वगळायचे, कोणाला मध्यभागी आणायचे आणि कोणाला कडेला ठेवायचे, जवळचे आणि दूरचे यांचा मेळ कसा घालायचा, आणि हे सारे कोठे उभे राहून पाहायचे, या निर्णयांच्या समुच्चयाला रचना म्हणतात. वरवर पाहता हे प्रश्न केवळ सौंदर्याचे वाटतात. परंतु चौकटीत माणूस आला की त्यांत आणखी एक प्रश्न मिसळतो: तो माणूस तेथे कशासाठी उभा आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा आपल्या मुलखाच्या इतिहासातून घेण्याचा विचार आहे.

चौकटीचे तीन भाग करण्याचा नियम छायाचित्रकारांनी शोधलेला नाही. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज खोदचित्रकाराने १७९७ साली ग्रामीण देखाव्यांविषयी लिहिलेल्या पुस्तकात त्याला प्रथम नाव दिले. चित्रात आकाश आणि जमीन यांना निम्मी निम्मी जागा देऊ नये. एकाला एक तृतीयांश आणि दुसऱ्याला दोन तृतीयांश द्यावी, म्हणजे डोळ्याला एकसुरीपणा जाणवत नाही, असे त्याचे सांगणे होते. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स याने आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारे दृश्य रसायनाच्या साहाय्याने पत्र्यावर टिपले, आणि १८३९ साली दागेर याची पद्धत जगापुढे जाहीर झाली. म्हणजे कॅमेरा जन्माला आला तेव्हा रचनेचे नियम चित्रकारांच्या हाती आधीच तयार होते.

आपल्याकडे तर ते त्याहूनही फार पूर्वी तयार होते. अजिंठ्याच्या १, २, १६ आणि १७ या क्रमांकांच्या लेण्यांतील भित्तिचित्रे मुख्यतः इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटकांच्या काळातील मानली जातात. या चित्रांना आजच्यासारखी लाकडी चौकट नाही. एक कथा संपून दुसरी कोठे सुरू होते, हे सांगण्यासाठी त्या कलावंतांनी मंडपाचे खांब, दरवाजे आणि झाडे यांचा उपयोग केला. मंडपाच्या दोन खांबांत बसलेली राणी आपोआप चौकटीत येते. जवळच्या व्यक्तींची तोंडे जिकडे वळलेली असतात तिकडे पाहणाऱ्याची नजर वळते आणि पुढच्या प्रसंगात जाऊन पोहोचते. पहिल्या लेण्यातील कमळधारी पद्मपाणी भोवतीच्या सर्वांहून मोठा रंगवलेला आहे. त्याचे शरीर किंचित वाकलेले आहे, मान कललेली आहे आणि दृष्टी खाली झुकलेली आहे. गर्दी असूनही डोळा त्याच्याकडेच जातो. ज्याचे महत्त्व अधिक त्याचा आकार मोठा, हा नियम युरोपातील मध्ययुगीन धार्मिक चित्रांतही आढळतो. कॅमेऱ्याला मात्र तो पाळता येत नाही. कॅमेऱ्यासमोर राजा आणि रंक एकाच मापाचे असतात. जो जवळ असेल तो मोठा दिसतो, एवढाच भेद त्याला कळतो. म्हणून छायाचित्रकाराला महत्त्व दाखवायचे असेल, तर माणसांच्या जागा बदलाव्या लागतात, नाही तर स्वतःची जागा बदलावी लागते.

छायाचित्रणाची कला मुंबईत लवकर पोहोचली. १८५४ साली तेथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. तिच्या कारभारात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा सहभाग होता. भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या शिलालेखांचा अभ्यास केला, तर नारायण दाजींनी कॅमेरा हाती घेतला, ही एकाच मराठी घरातील दोन भावांची विद्याप्रीती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ईस्ट इंडिया कंपनीलाही याच सुमारास उमगले, की प्राचीन वास्तूंची नोंद ठेवण्यासाठी हाताने काढलेल्या रेखाटनांपेक्षा छायाचित्रे अधिक विश्वासार्ह आणि कमी खर्चाची पडतील.

या पार्श्वभूमीवर मेजर रॉबर्ट गिल याचे काम समजून घ्यावयाचे आहे. मद्रासच्या सैन्यातील या अधिकाऱ्याची १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. लेण्यांपासून काही मैलांवर असलेल्या अजिंठा गावात तो राहिला आणि पुढील सुमारे दोन दशके त्याने अंधार, दमटपणा आणि वटवाघळे यांच्या सहवासात काढली. त्याची चित्रे लंडनला जात राहिली आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली, आणि त्यांतील मोजकीच चित्रे वाचली. एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांचे श्रम असे एका आगीत गेले. गिलचे निधन १८७९ साली झाले. त्याची कबर भुसावळ येथे आहे.

परंतु गिलने केवळ कुंचलाच हाती धरला नव्हता. १८५६ च्या सुमारास त्याने कॅमेऱ्याचे काम सुरू केले होते. त्याने घेतलेल्या ७४ छायाचित्रांचे पुस्तक, जेम्स फर्ग्युसन याच्या विवेचनासह, १८६४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील कोरीव लेण्यांविषयीच्या या पुस्तकात प्रत्येक छायाचित्र हाताने चिकटवलेले होते. त्याच वर्षी पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्ग यांच्या शंभर छायाचित्रांचे दुसरे पुस्तकही निघाले. कुंचल्याचे बहुतेक काम जळाले. कॅमेऱ्याचे काम टिकले, कारण एका काचेवरून अनेक प्रती निघू शकत होत्या.

त्या काळी एक छायाचित्र घेणे म्हणजे काय उद्योग होता, याची कल्पना आजच्या मुलांना यावी म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. १८५१ पासून प्रचारात आलेल्या पद्धतीत काचेवर कोलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर द्यावा लागे. मग ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावी लागे आणि ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, चित्र टिपून, लगेच पुन्हा अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवावी लागे. हे सारे सुमारे दहा-पंधरा मिनिटांत उरकले नाही, तर काच वाळे आणि श्रम फुकट जात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती किती लवकर वाळत असेल, हे आपल्याला निराळे सांगायला नको. शिवाय ते रसायन निळ्या प्रकाशाला फार चटकन आणि तांबड्याला फारच मंदपणे प्रतिसाद देई. त्यामुळे आकाश कोरे पांढरे उमटे, आणि गेरूचा रंग काळा पडे. म्हणून जाणता छायाचित्रकार आकाशाला चौकटीत कमीत कमी जागा देई. स्मिथचा तृतीयांशाचा नियम येथे केवळ सौंदर्यासाठी पाळला जात नव्हता, रसायनाच्या मर्यादेपोटीही त्याची गरज होती.

रचना ठरवली जाई ती कॅमेऱ्याच्या मागील दुधी काचेवर. डोक्यावर काळा कपडा घेऊन छायाचित्रकार त्या काचेत पाही, तेव्हा त्याला सारे दृश्य खालचे वर आणि डावीकडचे उजवीकडे असे उलटे दिसे. ही गैरसोय खरी, पण तिचा एक लाभही होता. उलट्या चित्रात हा खांब, हा दरवाजा, हा माणूस, अशी ओळख पटकन पटत नाही. दिसतात ते उजेडाचे आणि अंधाराचे तुकडे, रेषा आणि त्यांचा तोल. आजही चित्रकलेचे शिक्षक विद्यार्थ्यांना चित्र उलटे धरून पाहायला सांगतात, ते याच कारणासाठी.

गिलची अनेक छायाचित्रे जोडछायाचित्रे होती. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टन याने दाखवून दिले होते, की दोन डोळ्यांना दिसणाऱ्या किंचित भिन्न चित्रांच्या मीलनातून आपल्याला खोली जाणवते. त्या तत्त्वावर साधारण अडीच इंचांच्या अंतराने दोन चित्रे घेतली जात, आणि ती शेजारी शेजारी ठेवून विशिष्ट भिंगांतून पाहिली, की सपाट कागदावर लेणे खोल उघडे. मात्र ही किमया घडण्यासाठी रचनाही तशीच करावी लागे. नुसती दूरची भिंत टिपली, तर खोली जाणवत नसे. अगदी जवळ एखादा खांब किंवा शिळा, मधल्या अंतरावर एखादी आकृती, आणि मागे अंधारात जाणारी भिंत, असे तीन टप्पे लागत. जवळचे, मधले आणि दूरचे, या तीन पायऱ्यांचा मेळ हा छायाचित्राच्या रचनेचा आजही पहिला धडा आहे. लेण्याच्या दारातून आत पाहिले, की दाराच्या कडाच चौकट होतात. हा दुसरा धडा. खांबांच्या रांगा दूर जाता जाता जवळ येतात आणि नजर स्तूपापर्यंत नेतात, हा तिसरा.

आता त्या मधल्या टप्प्यावरील आकृतीकडे वळू. गिलच्या चित्रांत लेण्यांच्या ओसरीवर, खांबापाशी किंवा पायऱ्यांवर कोणी तरी बसलेले वा उभे असलेले आढळते. त्याचे काम एकच: खांब किती उंच आहे, हे पाहणाऱ्याला कळावे. कोरलेल्या दगडाला स्वतःचे माप नसते. शेजारी माणूस असला तरच तो दहा फुटांचा की तीस फुटांचा, हे समजते. कित्येक सेकंद तो माणूस निश्चल बसला, म्हणून तो स्पष्ट उमटला. हलला असता, तर धुके झाला असता. त्या छायाचित्राच्या यशात त्याचा वाटा होता. खांबाला क्रमांक मिळाला, लेण्याला क्रमांक मिळाला, छायाचित्रकाराचे नाव मुखपृष्ठावर छापले गेले. ओसरीवर बसलेला माणूस मात्र मापापुरताच राहिला.

यात गिलचा दुष्टावा होता, असे मला म्हणावयाचे नाही. त्या काळच्या शास्त्रीय कामाची ती रीतच होती. परंतु त्याच अजिंठा गावात एक दगड आहे, जो या रीतीच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. गिलच्या सहवासात राहिलेली पारू २३ मे १८५६ रोजी पटकीच्या साथीत मरण पावली. गिलने तिच्या कबरीवर शिला बसवली, आणि तीवर तिचे नाव, मृत्यूचा दिवस व आपली माया कोरून ठेवली. ज्या सुमारास त्याचे कॅमेऱ्याचे काम सुरू झाले, त्याच सुमाराची ही गोष्ट. या मुलखातील एका साध्या स्त्रीचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, ते छायाचित्रामुळे नव्हे, दगडावरील अक्षरांमुळे. जिच्यावर त्याने प्रेम केले, तिचे नाव त्याने लिहिले.

गिलनंतर सुमारे एका पिढीने आपल्या भागात दुसरा मोठा छायाचित्रकार आला. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे झाला. तेथील कृपामाऊलीचे महामंदिर आपल्यापैकी अनेकांना ऐकून ठाऊक असेल. दीनदयाळ मात्र जैन कुटुंबातील होते. त्यांचे शिक्षण रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. नंतर इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना ते छायाचित्रणाकडे वळले. पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, आणि १८९४ साली त्यांना राजा हा किताब मिळाला. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे १८९२ च्या सुमाराच्या त्यांच्या संग्रहात वेरूळ, दौलताबाद आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील वास्तू आल्या.

दीनदयाळ यांच्या वास्तुचित्रांत अभियंत्याची नजर दिसते. उभ्या रेषा उभ्याच राहतात, इमारत मागे कलंडल्यासारखी दिसत नाही. त्यासाठी कॅमेरा वर झुकवायचा नसतो; तो समपातळीत ठेवून योग्य अंतर आणि योग्य उंची शोधावी लागते. वेरूळचे कैलास लेणे याचे उत्तम उदाहरण आहे. खाली अंगणात उभे राहिल्यास ते चौकटीत मावतच नाही. ते वरून खाली कोरत आणलेले आहे, आणि त्याची रचना समजते तीही डोंगराच्या कडेवर चढून वरून पाहिल्यावर. कोठे उभे राहावे, हे येथे ते लेणेच सांगते.

दीनदयाळ यांची दुसरी विशेषता समूहचित्रांची. दरबारी समूहचित्राची रीत ठरलेली असे: मध्यभागी खुर्चीवर सर्वांत मानाची व्यक्ती, दोन्ही बाजूंना उतरत्या मानाने इतर, मागे उभे राहिलेले, आणि पुढे जमिनीवर बसलेले. अजिंठ्याच्या कलावंताने आकाराने जे साधले, ते येथे जागेने साधले जाई. हीच रीत पुढे शाळा, पतपेढ्या, ग्रामपंचायती आणि आपले धर्मग्राम यांच्यापर्यंत झिरपली. दृढीकरणाच्या समूहचित्रात महागुरुस्वामी मध्यभागी, शेजारी धर्मगुरू, मग धर्मभगिनी, आणि वर्षभर मुलांना शिकवणारा कॅटेकिस्ट बहुधा अगदी कडेला, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. दीनदयाळ यांनी एक वेगळी चौकटही उघडली, हेही नमूद केले पाहिजे. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि त्याचे काम एका स्त्रीकडे सोपवले. ज्यांना कोणत्याच चौकटीत जागा नव्हती, त्यांना त्यामुळे ती मिळाली.

याच छायाचित्रसंस्थेच्या कामात एक वेदनादायक भाग आहे. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील पीडित आणि त्यांच्यासाठी चालवलेली मदतीची कामे यांची छायाचित्रे तिने घेतली. ती व्हाइसरॉय कर्झनच्या संग्रहात जाऊन पोहोचली. त्यांतील एका चित्राचा मथळा ‘कृशतेचे प्रकार, औरंगाबाद’ अशा अर्थाचा आहे. जिल्ह्याचे नाव आहे; माणसांचे नाही. वनस्पतीचे किंवा दगडाचे प्रकार मांडावेत, तशी उपाशी माणसे मांडलेली आहेत. त्याआधी १८७६ ते १८७८ च्या मद्रासच्या दुष्काळात हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या कुटुंबांना स्टुडिओतल्यासारखे नीट बसवून चित्रे घेतली होती, आणि त्याबद्दल त्याच्यावर त्याच काळी टीका झाली होती. मुंबईत विल्यम जॉन्सनने तर १८६३ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात निरनिराळ्या जातीजमातींची माणसे एकीकडे टिपली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची जोडली. माणूस आपल्या जागेवरून उचलून हव्या त्या ठिकाणी चिकटवता येतो, हे आजच्या संगणकाने शोधलेले नाही.

तथापि ही चित्रे टाकाऊ ठरत नाहीत. ती नसती, तर त्या दुष्काळात आपल्या गावांची काय दशा झाली, हे केवळ आकड्यांतून कळले असते. छायाचित्राने साक्ष दिली, हे त्याचे मोठे पुण्य. परंतु रचना निर्दोष असूनही साक्ष अपुरी राहू शकते, हाच या इतिहासाचा धडा होय.

आपल्या चर्चच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या असतात. त्यांत भूमिहीन शेतमजुराच्या लेकराचेही नाव असते, आईबापांचे असते, धर्ममातापित्यांचे असते, तारीख असते. चेहरा मात्र एकही नसतो. त्याच कपाटात छायाचित्रांचे अल्बम असतात. त्यांत चेहरे असतात, आणि पानोपानी नावे मात्र नसतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या चित्रात ढोल घेऊन कडेला उभा असलेला तो माणूस कोण, हे सांगणारी माणसे एकेक करून आपल्यातून जात आहेत. शेंद्र्यात तर बदल फार वेगाने झाला. ज्या रानात काल ज्वारी आणि कापूस होता, तेथे आज कारखाने उभे आहेत. जुन्या चित्रातल्या बांधावर उभी असलेली आजी कोण, आणि तो बांध कोणाचा, हे लिहून ठेवले नाही, तर तीही खांबाच्या मापासाठी उभी असल्यासारखी होईल.

म्हणून, तरुण वाचकहो, फोटो घेताना पडद्यावरच्या त्या चार रेषांचा उपयोग जरूर करा. क्षितिज मधोमध आणू नका. जवळचे, मधले आणि दूरचे यांचा मेळ घाला. खिडकीच्या उजेडाकडे माणसाचे तोंड असू द्या. लहान मुलाचा फोटो घेताना गुडघ्यावर बसा, म्हणजे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून त्याचे जग दिसेल. समूहचित्रात एखादे वेळी कडेच्या माणसांना मध्ये बोलवा. आणि शेवटचे, पण सर्वांत सोपे काम: घरातील जुनी चित्रे येत्या रविवारी वडीलधाऱ्यांसमोर घेऊन बसा, आणि प्रत्येकाच्या मागे हलक्या हाताने पेन्सिलीने गाव, वर्ष आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहा. मोबाईलमधील चित्रांसाठी तीच यादी वहीत करा. अजिंठ्याच्या ओसरीवर बसलेल्या माणसासाठी हे करायला आता कोणी उरलेले नाही. आपल्या अल्बममधल्या माणसांसाठी अजून आपण आहोत.